शार्लटहून एका दिवसात काँगरी नॅशनल पार्क बघण्यासारखं आहे का? वयस्कर माणसांना झेपेल का?

सासू-सासरे भारतातून आलेत, एकच दिवस हाताशी आहे आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या काँगरीत ना डोंगर ना धबधबा, मग तिथे जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आहे, नक्की जा. मी मार्चमध्ये आईबाबांना घेऊन गेले होते. शार्लटहून गाडीने साधारण दोन तास लागतात. प्रवेश फी नाही.

पार्क छोटं आहे, जवळपास आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कएवढंच. पण आत शिरलं की मान वर करूनच चालावं लागतं. काही लॉबलॉली पाइन दीडशे फुटांच्याही वर गेलेत. सायप्रसच्या बुंध्यांभोवती जमिनीतून लाकडी सुळके वर आलेले दिसतात. आईने वाकून एकावर हात ठेवला आणि विचारलं, "वारूळ आहे का गं हे?" तिथे त्यांना 'नीज', म्हणजे गुडघेच म्हणतात. शेजारचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.

ही झाडं उभी कशी राहिली हे कळल्याशिवाय परत येऊ नका. 1890 च्या दशकात फ्रान्सिस बाइडलरच्या लाकूड कंपनीने हा भाग घेतला. दलदलीत रस्ते नव्हते, ओंडके नदीतूनच न्यायचे. ओला सायप्रस इतका जड की पाण्यात सोडला की तळाला जायचा. म्हणून खोडाभोवतीची साल काढून झाड उभ्याउभ्या वाळवायचे, तरी कितीतरी ओंडके बुडालेच. 1914 च्या सुमारास तोड थांबली. 1969 मध्ये लाकडाचे भाव चढले आणि कुऱ्हाड पुन्हा चालू झाली. हॅरी हॅम्प्टन नावाचे स्थानिक पत्रकार 1950 च्या दशकापासून या जंगलासाठी लिहीत-बोलत होते. आता लोकही उठले, आणि 1976 मध्ये सरकारने जंगल संरक्षित केलं. नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. आज नदीकाठच्या सखल जमिनीवरचं सुमारे 11 हजार एकर जुनं जंगल तिथे शिल्लक आहे. बाबा आयुष्यभर सागाच्या मुलखात राहिलेले. हे ऐकल्यावर ते एका बुंध्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मला त्या दिवसातलं तेच सगळ्यात जास्त आठवतं.

सासऱ्यांची काळजी नको. बोर्डवॉक म्हणजे सपाट लाकडी वाट, व्हीलचेअरही जाते, बसायला बाकं आहेत. पूर्ण फेरी अडीच मैलांच्या आसपास. आम्ही तीन तास लावले, घाई करू नका. आत हॉटेल नाही, दशम्या-चटणी सोबत घ्या. उन्हाळ्यात डास फार, व्हिजिटर सेंटरमध्ये त्यांची तीव्रता दाखवणारा फलकच आहे. मेअखेरीस एकाच तालात चमकणारे काजवे दिसतात, पण त्यासाठी आधी लॉटरीत नाव लागावं लागतं.

आणि निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या साइटवर पाण्याची पातळी बघा. वर्षातून अनेकदा नदी जंगलात पसरते, तेव्हा बोर्डवॉकचा खालचा भाग पाण्याखाली असतो.