बाइकच्या चेनला आपोआप तेल देणारा ऑइलर बसवावा का, की स्प्रे पुरेसा आहे?

रोज लांबचं रनिंग असेल, पावसातही गाडी चालत असेल तर नक्की बसवा. आठवड्यातून दोन-तीनदाच गाडी काढत असाल तर स्प्रेनं भागतं.

ओ-रिंग चेनमध्ये, म्हणजे सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनमध्ये, पिन आणि बुश (पिनवरची छोटी नळी) यांच्या मधलं ग्रीस कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं. बाहेरचं तेल तिथवर पोचत नाही. ते लागतं रोलर आणि स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातांसाठी, गंज टाळायला आणि रबरी रिंगा कोरड्या पडू नयेत म्हणून. पावसात हा थर भराभर धुऊन जातो, ऑइलर तो चालता चालताच भरून काढतो.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ऑइलरची नळी इंजिनच्या इनटेकला (हवा आत ओढणाऱ्या मार्गाला) जोडतात. इंजिन सुरू झालं की त्या ओढीनं झडप उघडते, बंद केलं की तेलही थांबतं. साध्या ग्रॅव्हिटीवाल्यात नॉब हातानं बंद करावा लागतो. विसरलात तर सकाळी चाकाखाली तेलाचं थारोळं!

खरी मेहनत सेटिंगची. मिनिटाला एखादा थेंब, इथून सुरुवात करा. उन्हाळ्यात तेल पातळ होऊन जास्त वाहतं, तेव्हा नॉब थोडा आवळा. माझी खूण सांगतो: चेनवर बोट फिरवल्यावर ते नुसतं ओलसर व्हावं, तेल ओघळू नये. नोझलचं टोक मागच्या स्प्रॉकेटला खालच्या बाजूनं टेकलेलं ठेवा.

रिमवर तेलाचे शिंतोडे दिसले की प्रवाह लगेच कमी करा आणि टायर पुसूनच निघा. तेलकट टायर वळणावर दगा देतो, यात अजिबात हयगय नको.