म्होरक्या, मुखर आणि शंख

विचारणा अशी: विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली पोरं रॅल्फला ‘चीफ’ निवडतात. मराठीत ‘म्होरक्या’ चालेल का, की तो शब्द गुंडांसाठीच आहे?

गुंडांसाठीच! हे वर्तमानपत्रांचं पाप. ‘टोळीचा म्होरक्या जेरबंद’ असं इतक्यांदा छापलं की शब्दालाच बेड्या पडल्या. म्होरं म्हणजे पुढं, आणि म्होरं चालेल तो म्होरक्या. पुढारी तरी वेगळं काय करतो? पण पुढाऱ्याला हार आणि म्होरक्याला कोठडी. ‘प्रमुख’, ‘नेता’ वगैरे तर विसराच, बारा वर्षांची पोरं असं बोलत नाहीत.

आता खरी गंमत. काही जण ‘म्होरक्या’ची नाळ फारसी ‘मोहऱ्या’शी जोडतात, म्हणजे बुद्धिबळातल्या सोंगटीशी. दुसऱ्याच्या बोटानं सरकते ती कसली म्होरक्या? माझ्या मते मूळ संस्कृत ‘मुखर’. प्राकृतात ‘मुख’चं ‘मुह’ होतं, तसं ‘मुखर’चं ‘मुहर’. पुढं मोहर, म्होर. ‘नुसत्या मुखानं भागतं, मुखर कशाला?’ म्हणणाऱ्यांनी बैलाच्या म्होरकीपाशी थांबावं. ती दोरी तोंडाला बांधतात, तिला ‘मुख’ पुरतं. माणसाला पुरत नाही.

आपट्यांचा संस्कृत कोश काढा. ‘मुखर’ म्हणजे बडबड्या, हे ठाऊकच आहे. त्याखाली नाम म्हणून अर्थ दिलेत: कावळा, पुढारी आणि शंख. शंख! कादंबरीत रॅल्फ शंख फुंकतो, विखुरलेली पोरं गोळा होतात आणि मतं त्यालाच पडतात. चर्चमधल्या गायक पोरांचा मुख्य असलेला जॅक वरचा सूर लागतो म्हणून हक्क सांगतो, तो मागं राहतो. पुढं नियम होतो: शंख हातात असेल त्यानंच बोलायचं. बोलणारा, पुढारी आणि शंख, तिन्ही एका शब्दात. गोल्डिंगला संस्कृत येत असण्याची गरज नाही, पण मला हा योग सोडवत नाही.

पुढारी या अर्थाला आधार हितोपदेशाचा. कबुतरं जाळ्यात अडकतात आणि ज्याच्या सांगण्यावरून उतरली त्यालाच दूषणं देतात. तिथला श्लोक म्हणतो, घोळक्याच्या पुढं जाऊ नये. काम फत्ते झालं तर फळ सगळ्यांना सारखं, बिघडलं तर ‘मुखरस्तत्र हन्यते’, म्हणजे मारला जातो तो मुखरच. रॅल्फचं हेच होतं. धूर करून जहाजाला खूण द्यायचा बेत फसतो, डुकरांच्या शिकारीची चटक लागते, रॅल्फचा साथीदार पिगी मारला जातो, त्याच्याबरोबर शंखाचाही चुरा होतो आणि शेवटी मुखराच्याच मागं भाले लागतात.

हां, ‘चीफ’. तोंड रंगवून वेगळी टोळी काढल्यावर जॅकलाही पोरं चीफच म्हणतात. तिथं तुमचा वर्तमानपत्री म्होरक्या बिनदिक्कत वापरा. दोघांना दोन शब्द शोधू नका.

जाता जाता, शीर्षकाचं ‘माशांचा राजा’ करू नका. मूळ बायबलमधलं एक्रोन शहराचं दैवत बालजबूब, म्हणजे माश्यांचा धनी. कादंबरीत काठीवरच्या डुकराच्या मुंडक्यावर घोंघावतात त्याही माश्याच. ‘माशांचा’ म्हटलंत तर अर्धे वाचक सुरमई समजतील.