नवं ॲप घेण्याआधी फिल्टर लाव

नऊ हजार न वाचलेले मेल साचलेत, ते आवरायला नवं ॲप घेऊ का, असं विचारलंस ना? घाबरू नकोस, माझे चौदा हजार होते. नवं ॲप घ्यायच्या आधी जीमेलचे फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारे नियम, वापर. ते मोबाईल ॲपवर होत नाही, कॉम्प्युटरवर बस. जाहिरातीचा मेल उघड, वरच्या तीन टिंबांमधून फिल्टर बनव, 'स्किप द इनबॉक्स'वर टिक कर, म्हणजे तसे मेल इनबॉक्समध्ये न येता थेट अर्काइव्ह होतात, बाजूला ठेवले जातात. जुन्या मेलांनाही लागू करायची चौकट खाली असते. तिच्यावर टिक करायचीच नेमकी राहून जाते.

अर्काइव्ह केलेलं 'ऑल मेल'मध्ये सापडतं. डिलीट केलेलं मात्र 30 दिवसांनी कायमचं जातं, तेव्हा जरा जपून.

ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये कोपरखैरणे येईपर्यंत मी फक्त मेलची झाडलोट करतो. उत्तरं नाही. एकदा उभ्या उभ्या लिहिताना साहेबांना 'नमस्कार'ऐवजी नुसतं 'नको' गेलं होतं!