तिच्या तोंडचं एक वाक्य

डॉक्टर भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दोन वर्षांपासून तुमचा दवाखाना आहे. पाड्यांवरून येणाऱ्या पेशंटकडून जमेल तेवढीच फी घेता. पेशंट पुढे पाठवण्याचं कमिशन, म्हणजे कट, घेत नाही, म्हणून तालुक्यातले काही डॉक्टर नाराज आहेत. साखरपुडा झालाय, लग्न अखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर). वडील केळीवर कर्ज काढून बाराशे माणसांची पंगत बसवणार, जळगावात फ्लॅट बुक झालाय आणि मुलगी रोज सोफ्यांचे फोटो पाठवते. अशात जॉर्ज इलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी तुमच्या हाती पडली आणि तुमची झोप उडाली. ‘ताई, माझाही लिडगेट होणार का? लग्न मोडू का?’

मोडू नका. निदान या कादंबरीच्या जोरावर तरी नको.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 1871-72 मध्ये आठ भागांत निघालेली ही कादंबरी 1830 च्या आसपासच्या एका इंग्रजी गावाची. तिथे सत्तावीस वर्षांचा डॉक्टर लिडगेट येतो. तापाच्या रोग्यांसाठी इस्पितळ चालवायचं, संशोधन करायचं, औषधं स्वतः विकायची नाहीत, हे त्याचे बेत. गावातल्या जुन्या वैद्यांना तेच खुपतं. रोझमंड नावाच्या देखण्या मुलीशी त्याचं लग्न होतं, घर उधारीवर सजतं, कर्ज हजार पौंडांच्या घरात जातं. ते तो ज्या बँकरकडून पैसे घेऊन फेडतो, त्याचीच अब्रू जाते आणि गाव म्हणतं, डॉक्टरने तोंड बंद ठेवायचे पैसे खाल्ले. शेवटी श्रीमंत रोग्यांवर पोट भरत, संशोधन विसरून, पन्नासाव्या वर्षी तो मरतो.

तुम्ही सगळा दोष रोझमंडच्या माथी मारलात. ती चुकलीच. नवऱ्याला न सांगता तिने घर भाड्याने देणं थांबवलं, त्याच्या काकांकडे पैशांसाठी पत्र धाडलं. पण भाऊ, तो महागडा डिनर सेट कोणी आणला? लिडगेटने, स्वतःच्या हौसेने, लग्नाआधी. रोझमंडने मागितलाही नव्हता. आणि कर्जाची गोष्ट तिच्या कानावर केव्हा घातली? पैसे वसूल करणारे दाराशी आल्यावर.

आता तुमचं पत्र बघा. चार पानं तिच्याबद्दल आहेत आणि त्यात तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ती बीफार्म झालीय, हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. दवाखान्यासाठी काढलेलं चौदा लाखांचं कर्ज मला, एका अनोळखी बाईला, कळवलंत, तिला नाही. खेड्यातच राहायचं ठरवलंय, हेही तिला ठाऊक नाही. फ्लॅट तुमच्या घरच्यांनी बुक केला. मग तिने सोफे बघायचे नाहीत तर काय करायचं?

हे मी पोटतिडकीने लिहितेय, त्याला कारण आहे. माझ्या लग्नासाठी सासऱ्यांनी चार बिघे जमीन विकली होती. मला ते अकरा वर्षांनी सातबारा हातात आल्यावर कळलं. तोवर ‘शेत कुठे गेलं’ म्हणून मी नवऱ्याला किती टोचून बोलले असेन! त्या दिवशी त्याचा राग आला नाही. मला वेळेवर कोणी सांगितलं नाही, याचं रडू आलं.

तुमचे वडील, आप्पा, म्हणतात, ‘लोके काय म्हनतीन?’ हे भय मी हसण्यावारी नेणार नाही. खुद्द ही लेखिका लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहिली म्हणून तिच्या सख्ख्या भावाने वीसहून अधिक वर्षं तिच्याशी संबंध तोडले होते. लोकांच्या बोलण्याची किंमत तिला माहीत होती, म्हणूनच ते गाव इतकं खरं उतरलंय. पण बट्टी-वरण आणि वांग्याची भाजी खाऊन भाऊकी दुसऱ्या दिवशी घरी जाते, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तुमच्याकडेच राहतो.

येत्या रविवारी जळगावला जा. दोन्हीकडच्या मोठ्यांना सांगून जा, पण बसा दोघंच. बँकेचं पासबुक आणि दवाखान्याची रोजची वही सोबत न्या. चौदा लाखांचा आकडा पहिल्या पाच मिनिटांत सांगा, कुठे राहणार तेही सांगा आणि मग गप्प बसा. तिला बोलू द्या. बाजाराच्या दिवशी दवाखाना बघायला येशील का, असं विचारा. त्या गर्दीत बीफार्म झालेल्या मुलीला काय दिसेल, हे तुम्हाला आणि मला आत्ता सांगता येणार नाही. ती नाही म्हणाली, तर तो तिचा नकार असू द्या, तुम्ही कादंबरीतून काढलेला नको.

आप्पांशी पंगतीचं त्यानंतर बोला. आणि पुढच्या पत्रात ती काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत कळवा.

तुमची ताई