शाईचा ठिपका आणि पहिली प्लेट

भावा, फॉरेन्सिक लॅबच्या पहिल्याच आठवड्यात जीसी-एमएससारख्या मोठ्या यंत्राची स्वप्नं बघू नकोस. आधी टीएलसीवर, म्हणजे सिलिकाचा थर असलेल्या प्लेटवर द्रावक चढवून शाईतले रंग वेगळे करण्यावर, हात बसव. दोन निळ्या बॉलपेनांची शाई घे आणि वेगळी ओळखून दाखव. संशयित कागदपत्रांच्या प्रकरणात हेच लागतं. जेल पेन सध्या नको, त्यातली रंगद्रव्यं बहुतेकदा जागची हलतच नाहीत. द्रावक म्हणून इथाइल अ‍ॅसिटेट, इथेनॉल, पाणी ७०:३५:३० चालेल.

नवखे इथं चुकतात:

- आधाररेषा (जिच्यावर ठिपके टाकायचे ती) पेनानं मारतात. पेन्सिलच घे, नाहीतर रेषेचीच शाई वर धावते.
- ठिपका मोठा टाकतात. २-३ मिलिमीटर पुरे. केशनळी (बारीक काचनळी) नुसती टेकव.
- द्रावक ठिपक्याच्या वर भरतात. मग नमुना तळाशीच विरघळतो.

कोल्हापूरचा जुलै तुला माहीत आहे. सिलिका ओलावा धरते आणि आरएफ (द्रावकाच्या तुलनेत ठिपका किती वर चढला त्याचं गुणोत्तर) बदलतो, म्हणून प्लेट आधी ११० अंशांवर अर्धा तास तापव. तरीही संशयित शाई, माहितीतली शाई आणि कोऱ्या कागदाचा अर्क एकाच प्लेटवर शेजारी चालव. मी एकदा कालच्या प्लेटशी तुलना केली होती. सरांनी अहवाल माझ्यासमोर फाडला.

आणि आरएफ जुळला म्हणून "शाई तीच" असं लिहू नकोस. "फरक आढळला नाही" एवढंच लिही. एचपीएलसी या यंत्राचं नंतर बघू.