मान्यता, मंजुरी आणि ओळख दाखवणं

प्रश्न असा आला आहे: "जुन्या बातम्यांचे अनुवाद तपासताना एक वाक्य समोर आलं: 'बावीस वर्षांनंतर अमेरिकेने सोमालियाच्या सरकारला मंजुरी दिली.' मी 'मंजुरी' खोडून 'मान्यता' केलं. सहकारी म्हणतात, दोन्ही एकच, शाळेला मान्यताही मिळते आणि मंजुरीही. फरक आहे का? आणि 'सोमालियाला मान्यता दिली' असं आटोपशीर लिहिलं तर चालेल का?"

खोडलंत ते योग्यच केलंत. आटोपशीर वाक्य मात्र चालणार नाही. खरी चूक तिथेच होईल.

आधी घटना बघू. १७ जानेवारी २०१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी सोमालियाचे अध्यक्ष हसन शेख मोहमूद यांच्यासोबत उभं राहून जाहीर केलं की १९९१ नंतर प्रथमच अमेरिका सोमालियाच्या सरकारला मान्यता देत आहे. १९९१च्या जानेवारीत सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि ते राजधानी मोगादिशू सोडून पळाले. त्याआधीच, त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकी दूतावासातल्या लोकांना हेलिकॉप्टरने समुद्रातल्या जहाजांवर हलवून दूतावास बंद झाला होता. पुढे २००० मध्ये आणि २००४ मध्ये संक्रमणकाळासाठीची सरकारं आली. त्यांच्याशी बोलणी झाली, त्यांना मदतही मिळाली, पण मान्यतेचा शब्द अमेरिकेने उच्चारला नाही. २०१२च्या ऑगस्टमध्ये तात्पुरती राज्यघटना स्वीकारली गेली आणि १० सप्टेंबरला खासदारांनी हसन शेख यांची निवड केली. हे हसन शेख भोपाळमध्ये शिकलेले आहेत. तांत्रिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी त्यांनी तिथून घेतली.

आता तारखा शेजारी ठेवा. सप्टेंबरमध्ये सरकार बसलं, जानेवारीत मान्यता आली. मधले चार महिने ते सरकार कारभार करतच होतं आणि त्यासाठी कुणाच्या सहीची वाट बघत नव्हतं. 'मंजुरी' इथेच बाद होते. रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होतं, बांधकामाचा नकाशा मंजूर होतो. मंजूर होईपर्यंत ती गोष्ट सुरूच करता येत नाही आणि मंजूर करणारा नेहमी वरच्या खुर्चीत असतो. इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी 'दत्तक नामंजूर' वाचलंय. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं ते याच दोन शब्दांनी. तिथे 'नामंजूर' अगदी नेमका बसतो, कारण कंपनी स्वतःला वरिष्ठ सत्ता समजत होती आणि वारसा तिच्या होकाराशिवाय लागू होत नाही असा तिचा दावा होता. २०१३च्या बातमीत 'मंजुरी' लिहिली की नकळत आपण अमेरिकेला त्याच खुर्चीत बसवतो. वाक्यात एक शब्द बदलतो आणि एका सार्वभौम देशाचं सरकार अर्जदार होऊन जातं. मला हे फार लागतं.

तुमचे सहकारी शाळेचं उदाहरण देतात, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. 'मान्यताप्राप्त शाळा', 'शासनमान्य संस्था', दारूच्या दुकानावरची 'सरकारमान्य' पाटी, या सगळ्यांमुळे 'मान्यता' हा शब्दही परवान्याच्या जवळ सरकला आहे. पण तो तिथला मूळचा रहिवासी नाही. जुन्या पत्रांच्या मायन्यात 'राजमान्य राजेश्री' असायचं. त्याचा अर्थ राजाने ज्याला परवाना दिला तो, असा कुणीच घेत नव्हतं. राजदरबारी ज्याला मान आहे तो राजमान्य. आणि 'लोकमान्य' बघा. टिळकांना लोकांनी कसली मंजुरी दिली नव्हती. ते पुढारी होतेच, लोकांनी ते मानलं. 'मान्य' या शब्दात मानणं आणि मान देणं दोन्ही आहे. समोर जे आहे ते आहे असं कबूल करायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली मान्यता नेमकी हीच असते.

मला विचाराल तर या व्यवहाराच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी कोशात नाही, बोलण्यात आहे. माझी आजी बाजारातून परत आली की कधीकधी पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणायची, "समोरून गेली, पण ओळख दाखवली नाही हो तिने." तक्रार अशी नसायची की त्या बाईला आजी कोण ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं, नजरानजरही झाली होती, पण थांबून दोन शब्द बोलणं तिने टाळलं होतं. ओळख असणं वेगळं आणि ओळख दाखवणं वेगळं. २००४ ते २०१२ या काळात अमेरिका आणि सोमालियातलं संक्रमणकाळाचं सरकार यांच्यात ओळख होती, भेटीगाठी होत्या. १७ जानेवारीला ती चारचौघांत दाखवली गेली. 'ओळख'मध्ये संस्कृतातला 'लक्ष्' आहे, म्हणजे बघणं, ध्यानात घेणं. गंमत म्हणजे 'मंजूर'च्या मुळाशीही बघणंच आहे. अरबीतल्या 'नजर'चाच तो भाऊ, शब्दशः 'नजरेखालून गेलेलं'. पण ही नजर साहेबाची, कागदावरची. ओळखीतली नजर बरोबरीच्या माणसाची.

खुद्द सोमाली भाषेत या मान्यतेला 'अकूनसी' म्हणतात. 'अकून' म्हणजे ज्ञान, जाण. अरबीतला शब्द 'इतिराफ', त्याच्या मुळाशीही जाणणं, ओळखणंच. त्याच मुळाचा एक शब्द आपण मराठीत रोज वापरतो: 'मार्फत'. अमक्याच्या मार्फत, म्हणजे मुळात अमक्याच्या ओळखीने. नव्या राजदूताने राष्ट्रपतींना द्यायच्या कागदांनाही आपण 'परिचयपत्रे' म्हणतो. इतक्या भाषांनी परवानगीचा शब्द बाजूला ठेवून ओळखीचा उचलला, हे मला पटणारं आहे. तरीही बातमीत 'ओळख दिली' लिहू नका. तिथे 'मान्यता' रुळलेला आहे आणि चांगला आहे. फक्त लिहिताना कानात ओळख असू द्या.

आता दुसरा प्रश्न. 'सोमालियाला' की 'सोमालियाच्या सरकारला'?

एक तांदळाचं जहाज होतं, 'मेरी' नावाचं. १९९१च्या जानेवारीत, बारे यांचं सरकार अजून उभं असताना, सोमालिया प्रजासत्ताकाने विकत घेतलेला तांदूळ घेऊन ते मोगादिशूकडे निघालं. पोचलं तेव्हा शहरात लढाई पेटली होती, माल उतरवण्याची सोय उरली नव्हती. तांदूळ दुसरीकडे विकावा लागला आणि त्याचे पैसे लंडनच्या न्यायालयात जमा झाले. पैसे कुणाचे, याबद्दल वाद नव्हता: सोमालियाचे. पण सोमालियाच्या वतीने ते उचलणार कोण? अली महदी मोहम्मद यांचं हंगामी सरकार पुढे आलं. जिबुतीच्या परिषदेने त्यांना अध्यक्ष म्हटलं होतं, पण मोगादिशूतच फराह ऐदीद यांची माणसं त्यांच्याशी लढत होती. ब्रिटनने १९८० पासून सरकारांना जाहीर मान्यता देण्याची प्रथाच सोडली होती. त्यामुळे परराष्ट्र खात्याकडून सरळ होय-नाही असं उत्तर मिळण्यासारखं नव्हतं. १९९२ मध्ये न्यायमूर्ती हॉबहाउस यांनी स्वतःच तपासलं: हे सरकार घटनेला धरून आलंय का, प्रदेशावर त्याचा ताबा किती आणि किती टिकाऊ आहे, ब्रिटिश सरकार त्याच्याशी कसला व्यवहार ठेवतं, बाकीचे देश त्याला किती मानतात. निकाल गेला विरोधात. हे सोमालियाचं सरकार नव्हे, पैसे यांना देता येणार नाहीत.

या निकालात देश शाबूत आहे. सोमालिया १९६० पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य होता आणि मधल्या सगळ्या पडझडीत सदस्यच राहिला. त्याच्या मालकीचा तांदूळ होता, त्या तांदळाचे पैसे होते. नव्हतं ते त्याच्या नावाने पावतीवर सही करणारं कुणी. अमेरिकेतही असंच झालं. बारे यांच्या काळचे पंतप्रधान मोहम्मद अली समंतर यांच्यावर तिथल्या न्यायालयात छळाच्या आरोपांचा दावा चालू होता. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने न्यायालयाला कळवलं की समंतर यांना अशा दाव्यापासून संरक्षण नाही. दिलेल्या कारणांत एक हेही होतं की त्यांच्यासाठी ते मागू शकेल असं मान्यता असलेलं सरकारच सोमालियात नाही.

म्हणून २०१३च्या वाक्यात 'सोमालियाला मान्यता' लिहिलं की अर्थ असा होतो की तोवर अमेरिका सोमालिया नावाचा देशच मानत नव्हती. हे खोटं आहे. देशाची मान्यता कधी गेलीच नव्हती. 'च्या सरकारला' ही दोन पदं जागा वाचवायला गाळण्यासारखी नाहीत. मथळा फारच आखूड हवा असेल तर 'सोमाली सरकारला अमेरिकेची मान्यता' करा, चारच शब्द होतात.

आणि मान्यता म्हणजे दूतावास नव्हे, हेही अनुवादात सांभाळा. काही ठिकाणी 'संबंध प्रस्थापित' असं पुढे जोडलेलं दिसतं. मान्यता २०१३ ची, पण अमेरिकेचं राजनैतिक कार्यालय मोगादिशूत कायमचं परतलं डिसेंबर २०१८ मध्ये आणि दूतावास पुन्हा सुरू झाल्याची घोषणा २०१९ ची. मधल्या काळात काम नैरोबीतून चालायचं. मान्यतेने जे लगेच मोकळं झालं ते आर्थिक संस्थांचं दार. एप्रिल २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही या सरकारला मानलं.

जाता जाता 'दखल' आणि हिंदीतून आलेली 'मान्यता'. 'सरकारची दखल घेतली' हे फारच हलकं, दखल तर निषेध करायलाही घेतात. आणि 'या देवळाबद्दल अशी मान्यता आहे' ही हिंदी वळणाची वाक्यं हल्ली मराठीत शिरली आहेत. तिथे आपला 'समजूत' किंवा 'श्रद्धा' हा शब्द असताना 'मान्यता'वर तो भार कशाला? तिला आधीच पुरेसं काम आहे.

तर तुमचं वाक्य असं करा: 'बावीस वर्षांनंतर अमेरिकेने सोमालियाच्या सरकारला मान्यता दिली.' आणि नुसतं देशाच्या नावाला 'ला' लावायची जागा त्याच भागात हवी असेल तर तीही आहे. उत्तरेकडचा सोमालीलँड मे १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून बसला. त्याचं सरकार, चलन, निवडणुका सगळं चालू होतं, पण तीस वर्षांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्याला देश मानलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने ते केलं, मोगादिशूने निषेध केला. त्या बातमीचा मथळा 'इस्रायलची सोमालीलँडला मान्यता' असाच व्हायला हवा. तिथे 'च्या सरकारला' घातलंत तर तेवढीच मोठी चूक होईल, कारण मागणी देशाचीच होती. १९७१च्या ६ डिसेंबरलाही भारताने मान्यता दिली ती बांगलादेशाला.