सुरत–चेन्नई महामार्गात अक्कलकोटकडची जमीन जातेय, हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 च्या कलम 3अ (3A) ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना राजपत्रात आली की तिथून 21 दिवस मोजा. हरकत कलम 3क (3C) खाली, लेखी, अधिसूचनेत नाव असलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची. बहुतेक वेळा ते प्रांताधिकारी असतात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

'आमचा विरोध आहे' एवढ्या एका ओळीच्या अर्जात विचार करण्याजोगं काही नसतं, म्हणून तो फेटाळला जातो. गट नंबर लिहा, सातबारा आणि गटनकाशा जोडा, रस्त्याची रेषा नकाशावर ओढून दाखवा. विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहत असेल तर पाइपलाइनसाठी रस्त्याखालून आडवा पाइप कुठे हवा ते लिहा. भुयारी मार्ग मागताना उसाने भरलेल्या ट्रॉलीची उंची-रुंदी मीटरमध्ये द्या. ओढ्याची मोरी तर विसरूच नका: भराव उंच आणि मोरी अपुरी असली की काळ्या रानात पाणी तुंबतं, पीक सडतं.

पर्यावरण जनसुनावणी वेगळी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. धूळ, आवाज, झाडं, पाणी हे मुद्दे तिथे मांडा आणि ते इतिवृत्तात आले का तपासा.

मोबदल्याचा वाद या हरकतीत मिसळू नका. त्यासाठी कलम 3ग (3G) ची नोटीस येते; रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं.